मोगादिशूचे यजमान

मध्ययुगीन मोगादिशूत नवख्या परक्या व्यापाऱ्याला आपला उतारा आपण शोधावा लागत नसे, आणि शोधण्याची मुभाही नसे. गलबत धक्क्याला लागण्याआधीच त्याचा यजमान ठरलेला असे. पुढे शहरातला मुक्काम, जेवणखाण, मालाची विक्री, परतीच्या मालाची खरेदी आणि भांडणतंटा झालाच तर त्याचा निवाडा, हे सारे त्या यजमानाच्या हातून होई. आज सोमालियाची राजधानी असलेल्या या बंदरात किमान तेराव्या शतकापासून ही पद्धत होती. सोमाली भाषेत अशा यजमानाला अब्बान म्हणतात. सोमाली किनाऱ्यावर आणि आतल्या मुलुखात अब्बानाची प्रथा एकोणिसाव्या शतकाअखेरपर्यंत जोरात होती.

तिचा सर्वांत जुना ठळक उल्लेख याकूत अल-हमवी या भूगोलकाराच्या कोशात आहे. याकूत 1229 मध्ये वारला. मोगादिशूला राजा नाही, शहरातली वडीलधारी माणसे आपसांत ठरवून कारभार पाहतात, असे तो लिहितो. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याला त्यांच्यापैकी एकाकडे उतरावे लागते, त्याचा आश्रय घ्यावा लागतो आणि मग तो त्याचे सगळे काम पाहतो, हीही त्याचीच नोंद. तिथून बाहेर जाणाऱ्या मालात त्याने चंदन, आबनूस, अंबर आणि हस्तिदंत सांगितले आहेत. राजा नसणे आणि यजमान सक्तीचा असणे या दोन गोष्टी याकूतने एका दमात सांगितल्या, आणि त्या एकत्रच वाचायला हव्यात. जिथे परक्याची फिर्याद ऐकणारा दरबार नाही, तिथे कोणीतरी घर त्याच्या पाठीशी उभे राहिल्याशिवाय व्यापार चालत नाही.

हे शहर तेव्हा काही किरकोळ बंदर नव्हते. हमरवेन या जुन्या वस्तीतील जामा मशिदीच्या मिनारावर हिजरी 636, म्हणजे इ. स. 1238 चा लेख आहे. फख्रुद्दीन मशीद त्याच शतकातली. अरबस्तान, इराणचे आखात, गुजरात आणि खाली झांझिबार-किल्व्याकडची बंदरे या सर्वांशी मोगादिशूची ये-जा होती. ती मोसमी वाऱ्यावर बेतलेली असे. ईशान्येचा वारा हिवाळ्यात गलबते खाली आणी आणि नैर्ऋत्येचा वारा त्यांना परत नेई. नैर्ऋत्य वारा ऐन भरात असताना हा किनारा जहाजांना जवळपास बंदच असे. त्यामुळे आलेल्या व्यापाऱ्याला दोन दिवसांत माल उतरवून निघता येत नसे. कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिने, त्याला शहरात काढावे लागत. तेवढा काळ डोक्यावर छप्पर हवे, मालाला कोठार हवे, आणि आतून उंटांचे तांडे कधी येणार, भाव काय फुटणार, हे सांगणारा माणूस हवा.

1331 च्या सुमारास तांजियरचा प्रवासी इब्न बतूता झैला बंदराहून पंधरा दिवसांचा प्रवास करून येथे आला. त्याने जे लिहून ठेवले त्याइतके जवळून पाहिलेले वर्णन नंतर पाच शतके मिळत नाही. जहाज बंदरात येताच शहरातून संबुक, म्हणजे छोटे पडाव, त्याच्याकडे निघत. प्रत्येक पडावात काही तरुण असत आणि प्रत्येकाच्या हातात झाकलेले ताट. जहाजावर चढून तो तरुण एका व्यापाऱ्यापुढे ताट ठेवी आणि हा माझा पाहुणा, असे जाहीर करी. दुसरा तरुण दुसऱ्या व्यापाऱ्यापुढे तेच करी. जहाजावरून उतरलेला व्यापारी मग ज्याचे ताट स्वीकारले त्याच्याच घरी जाई. जो या बंदरात अनेकदा आलेला असे आणि ज्याच्या इथे ओळखी असत, त्याला मात्र हवे तिथे उतरता येई.

पुढचा नियम अधिक कडक आहे. पाहुण्याचा माल यजमान विकी आणि त्याच्यासाठी खरेदीही यजमानच करी. कोणी यजमानाच्या गैरहजेरीत पाहुण्याला काही विकले, किंवा पाहुण्याकडून पडत्या भावाने काही घेतले, तर तो सौदा रद्द धरला जाई. एका बाजूने पाहिले तर हे परक्याचे संरक्षण आहे. नव्या माणसाला बाजारात कोणी लुबाडू नये, हा त्यामागचा हेतू स्पष्ट दिसतो. पण त्याच नियमाने पाहुण्याचा हातही बांधला जाई. शेजारच्या घरात चार पैसे जास्त मिळत असले तरी तो तिकडे जाऊ शकत नव्हता. यजमानाची कमाई यातच होती. आपल्याकडच्या मोंढ्यातला अडत्या शेतकऱ्याला गाळ्यात पथारी टाकायला जागा देतो, उचल देतो आणि मालही आपल्याच हाताने विकतो. मोगादिशूचे घर साधारण त्याच जातीचे होते. फरक इतकाच की इथे अडत्याच समुद्रात पुढे येऊन गिऱ्हाईक गाठत असे.

खुद्द इब्न बतूताच्या बाबतीत गोंधळ झाला. ताट घेऊन आलेल्या तरुणाला त्याच्या सोबत्यांनी सांगितले की हा व्यापारी नव्हे, धर्मशास्त्राचा पंडित आहे. तेव्हा तरुणाने आपल्या माणसांना ओरडून कळवले की हा काझीचा पाहुणा. व्यापारी गिऱ्हाईक सुटल्याचे दुःख त्याला झाले की नाही हे प्रवासवर्णनात नाही. काझी आपल्या विद्यार्थ्यांसह किनाऱ्यावर आला आणि त्याने सांगितले की विद्वान किंवा सय्यद घराण्यातला कोणी आला तर उतरण्याआधी त्याने शेखाची भेट घ्यायची, असा इथला शिरस्ता आहे. याकूतच्या काळातल्या वडीलधाऱ्यांच्या जागी एव्हाना एक शेख आला होता, अबू बक्र इब्न उमर नावाचा. तो मकदिशी, म्हणजे इथली स्थानिक भाषा बोले, पण अरबीही जाणत असे.

शेखाच्या वाड्यात जे स्वागत झाले ते कोकणातल्या किंवा देशावरच्या कोणालाही परके वाटणार नाही. एक खोजा तबक घेऊन बाहेर आला. त्यात विड्याची पाने आणि सुपारी होती. पाहुण्याला दहा पाने आणि थोडी सुपारी मिळाली, काझीलाही तेवढीच, उरलेली बरोबरच्या मंडळींत वाटली गेली. मग दमास्कसच्या गुलाबपाण्याची झारी आली आणि दोघांवर गुलाबपाणी शिंपडले गेले. विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या घरात त्याची उतरण्याची सोय झाली. पाहुण्यांच्या सरबराईचे काम पाहणारा एक वजीर होता, तो शेखाच्या घरून जेवण घेऊन आला. मोठ्या लाकडी परातीत तुपात शिजवलेला भात, त्यावर कोंबडी, मांस, मासळी आणि भाज्या यांचे कालवण. एका भांड्यात ताज्या दुधात शिजवलेली कच्ची केळी, दुसऱ्यात विरजलेले दूध आणि त्याबरोबर लोणची. लोणची लिंबाची, मिठात आणि शिरक्यात मुरवलेल्या मिरीच्या घोसांची, ओल्या आल्याची आणि कैरीची. भाताचा एक घास, मग लोणचे, अशी खाण्याची रीत. आंबा म्हणजे आत कोय असलेले सफरचंदासारखे फळ, पिकले की गोड आणि हिरवे असताना लिंबासारखे आंबट, असे तांजियरच्या या माणसाला आपल्या वाचकांना समजावून सांगावे लागले. इथली माणसे एकेकजण आमच्याकडच्या कित्येकांइतके खातात आणि म्हणूनच फार जाड आहेत, असा शेराही त्याने मारला आहे.

तीन दिवस असे दिवसातून तीनदा ताट येत राहिले. चौथा दिवस शुक्रवारचा. त्या दिवशी पाहुण्याला पोशाख आला: कमरेला बांधायचे रेशमी वस्त्र, मिसरी कापडाचा अंगरखा, वर घालायचा झगा आणि मिसरी फेटा. नमाजानंतर शेख, काझी आणि हा पाहुणा असे तिघेच पायात वहाणा घालून वाड्याकडे निघाले, बाकी सगळे अनवाणी. शेखाच्या डोक्यावर रंगीत रेशमी चार छत्रे होती आणि प्रत्येकाच्या शेंड्यावर सोन्याचा पक्षी. हे दरबारी आदरातिथ्य व्यापारी यजमानाच्या पाहुणचारापेक्षा वेगळे होते. विद्वानाकडून दलाली मिळणार नव्हती, मिळणार होती ती कीर्ती. ती मिळालीही, कारण मोगादिशूचे चौदाव्या शतकातले सर्वांत तपशीलवार चित्र याच पाहुण्याने मागे ठेवले. फेझ शहरात ते प्रवासवर्णन त्याने सांगून लिहून घेतले ते भेटीनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, तेव्हा परातीतल्या लोणच्यांची यादी त्याला इतकी पक्की आठवावी याचे नवल वाटते.

सोळाव्या शतकाने हिंदी महासागरावरची बरीच बंदरे बदलून टाकली. वास्को द गामाने हिंदुस्थानातून परतताना 1499 च्या जानेवारीत मोगादिशूवर तोफा डागल्या, पण पोर्तुगीजांना हे शहर कधीच ताब्यात ठेवता आले नाही. मोंबासा किंवा गोव्यासारखा किल्ला, वखार आणि परवान्यांचा कारभार इथे बसला नाही. दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने त्याच शतकाच्या सुरुवातीला नोंदवले की खंबायतची जहाजे इथे कापड आणि मसाले आणतात आणि सोने, हस्तिदंत व मेण घेऊन जातात. व्यापार जुन्या घरांमधूनच चालत राहिला, म्हणून जुन्या घरांची पद्धतही टिकली.

मोगादिशूची भरभराट मात्र नंतर ओसरली. एकोणिसाव्या शतकात ते हमरवेन आणि शांगानी अशा दोन परस्परांशी फटकून वागणाऱ्या वस्त्यांचे गाव झाले होते. झांझिबारच्या सुलतानाची सत्ता नावाला होती. फ्रेंच नौदल अधिकारी शार्ल गियाँ 1840 च्या दशकाअखेर या किनाऱ्यावर उतरला. त्याच्या लेखनातून आणि नंतरच्या नोंदींतून जी व्यवस्था दिसते तिची व्याप्ती इब्न बतूताने पाहिली त्यापेक्षा पुष्कळ मोठी होती, कारण आता ती शहराच्या वेशीवर थांबत नव्हती. हस्तिदंत, गेंड्याची शिंगे, कातडी आणि सुगंधी डिंक घेऊन जुबा नदीवरच्या लूकहून उंटांचे तांडे निघत. ते बायदोआवरून शबेले नदीकाठच्या अफगोयेपर्यंत येत. तिथे गेलेदी कुळाचा सुलतान आपला कर वसूल करी. पुढचा टप्पा मोगादिशू. वाटेत एकामागून एक वेगवेगळ्या कुळांचा मुलूख लागे आणि प्रत्येक मुलखात अब्बान लागे. शहरात भाव ठरवून देणारा दलाल वेगळा आणि वाटेवरचा अब्बान वेगळा, पण एकाच घराण्यात दोन्ही कामे असणे व्यापाऱ्याच्या सोयीचे होते. शहरातला व्यापारी आणि आतला अब्बान यांचे नाते बापाकडून मुलाकडे जाई, लग्नसंबंधांनी पक्के होई.

अब्बानाचा शब्द चाले तो त्याच्या कुळामुळे. सोमाली कायद्यात माणूस मारला गेला तर मारेकऱ्याच्या कुळाने रक्तमूल्य द्यायचे असते. पुरुषासाठी ते शंभर उंट असे सांगितले जाते. परक्याला असे कूळच नसते, म्हणून त्याच्या जिवाला किंमत नसते. अब्बानाने त्याला पाहुणा म्हटले की तो त्या कुळाच्या हिशेबात येई. त्याला लुटणे म्हणजे अब्बानाच्या कुळाचा अपमान, आणि तो भरून घेणे हे त्या कुळाचे काम. प्रवासी रिचर्ड बर्टनने अब्बानाची कामे सांगताना दलाल, सोबती, मुखत्यार आणि दुभाषा अशी चार नावे घेतली आहेत. विक्रीवर त्याचा वाटा असे, पाहुण्याची भांडणे मिटवणे आणि वेळ पडल्यास त्याच्यासाठी आपल्याच लोकांशी लढणे हे त्याचे कर्तव्य असे. एक उलटापालट इथे लक्षात घेण्यासारखी आहे. शहरात यजमान पाहुण्याला जेवू घाली. आतल्या मुलखात मात्र अब्बानाच्या जेवणाखाण्याचा खर्च पाहुण्यानेच करायचा असे.

या व्यवस्थेचा सर्वांत गजबजलेला बाजार मोगादिशूत नव्हे, उत्तरेला बर्बेऱ्यात भरे, आणि त्याचा मुंबईशी थेट संबंध होता. बर्बेरा उन्हाळ्यात जवळजवळ ओस पडलेला किनारा. ऑक्टोबर उजाडला की तिथे झोपड्यांचे गाव उभे राही आणि एप्रिलपर्यंत हजारो माणसे, उंट आणि गलबते यांनी गजबजून जाई. हिंदी नौदलाच्या क्रटेंडन या अधिकाऱ्याने 1840 च्या दशकात या जत्रेचे वर्णन केले. पोरबंदर, मांडवी आणि मुंबईचे धनवान बनिये आपल्या बोजड कोटिया हाकत येत. नौकेच्या बाजूने तुपाच्या रिकाम्या बुधल्यांची रांग टांगलेली असे, कारण परतताना सोमाली तूप भरून न्यायचे असे. भांडवल आणि चातुर्य यांच्या जोरावर ते बंदरातली पुढची जागा धरून ठेवत, असे क्रटेंडन काहीशा हेव्याने लिहितो. पण कितीही मोठी पेढी असली तरी बनियालाही अब्बान करावाच लागे. दक्षिणेला मोगादिशूच्या बाजूनेही कच्छी हात लांबलेला होता. झांझिबारच्या सुलतानाच्या जकातीचा मक्ता दीर्घकाळ जयराम शिवजी या भाटिया पेढीकडे होता.

युरोपीय प्रवाशांना ही प्रथा म्हणजे उघड लूट वाटे. 1854 च्या ऑक्टोबरात मुंबई प्रांताच्या ताब्यातल्या अदनहून इंग्रज प्रवासी जॉन स्पीक वारसंगली कुळाच्या किनाऱ्यावर उतरला. त्याला नुगाल खोऱ्यापर्यंत जायचे होते. सुमुंतर नावाच्या त्याच्या अब्बानाने स्पीकच्या सामानातून आपली जुनी देणी भागवली, एकेक सबब सांगून मुक्काम लांबवला, आणि स्पीक नुगालला पोहोचलाच नाही. अदनला परतल्यावर सुमुंतरवर खटला चालला आणि त्याला शिक्षा झाली. स्पीकची बाजू खरी मानली तरी ती एकच बाजू आहे. त्याला भाषा येत नव्हती, त्याच्या मागे व्यापार नव्हता आणि पुन्हा येण्याची शक्यताही नव्हती. ज्याच्याशी पुढच्या मोसमात काम पडणार नाही अशा पाहुण्याशी प्रामाणिक राहण्यात अब्बानाचा काय फायदा? बनिये दर वर्षी येत, म्हणून त्यांना ही व्यवस्था परवडे. पुढच्याच वर्षी, 19 एप्रिल 1855 च्या पहाटे, जत्रा उठल्यावर बर्बेऱ्यात मागे राहिलेल्या बर्टनच्या तळावर हल्ला झाला. त्याच्या तुकडीतला लेफ्टनंट स्ट्रॉयन मारला गेला, स्पीक जखमी झाला, बर्टनच्या दोन्ही गालांतून भाला आरपार गेला. त्यानंतर इंग्रजांनी बर्बेऱ्याची नाकेबंदी केली आणि 1856 मध्ये हबर अवल कुळाकडून तह करून घेतला. परक्याच्या जिवाचा जाब विचारण्याचे काम इथे अब्बानाच्या कुळाने नव्हे, युद्धनौकांनी केले.

आफ्रिकेत ही पद्धत सोमाली किनाऱ्यापुरती नव्हती. पश्चिमेला हौसा व्यापाऱ्यांचा मायगिदा हाच उद्योग करी. दूरवरून कोला फळे किंवा गुरे घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला तो घरी उतरवून घेई, माल विकून देई, उधारीची हमी घेई. आज घानाची राजधानी असलेल्या अक्राच्या परक्यांच्या वस्तीत, म्हणजे झोंगोत, असे मायगिदा विसाव्या शतकातही होते. मालीत जातिगी हे नाव त्याच माणसाचे. तिथे रक्तमूल्याऐवजी उधारीची जबाबदारी हा कणा होता, म्हणून मायगिदा वसाहतकाळातही टिकला. अब्बानाचा कणा संरक्षण हा होता आणि वसाहतवाद्यांनी नेमका त्यावरच दावा केला.

मोगादिशूत तो दावा टप्प्याटप्प्याने आला. झांझिबारच्या सुलतानाने 1892 मध्ये मोगादिशूच्या आसपासच्या बनादिर किनाऱ्याची बंदरे इटलीला भाड्याने दिली. पुढच्या वर्षी फिलोनार्दी कंपनीने कारभार घेतला. किनाऱ्यापलीकडे तिचा वचक नव्हता. 1896 च्या नोव्हेंबरात इटालियन कॉन्सल अंतोनियो चेक्की मोगादिशूहून अफगोयेकडे निघाला आणि काही मैलांवर लफोले इथे आपल्या बहुतेक साथीदारांसह मारला गेला. 1905 पासून इटालियन सरकारने कारभार स्वतःकडे घेतला. मग पोलीस ठाणी आली, न्यायालये आली, शबेलेकडे जाणारी रेल्वे आली, मोटारी आल्या. उंटांचे तांडे आणि त्यांच्याबरोबर टप्प्याटप्प्याचे अब्बान मागे पडले. क्रोचे देल सूद या इटालियन काळातल्या हॉटेलात पैसे मोजले की खोली मिळे. तिथल्या पाहुण्याला कोणाचा पाहुणा हे विचारले जात नसे. 1 जुलै 1960 ला स्वतंत्र झालेल्या सोमालियाच्या राजधानीतही परक्याची जबाबदारी सरकारची होती.

1991 च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष सियाद बर्रेची राजवट कोसळली तेव्हा ही जबाबदारी घेणारे कोणी उरले नाही. शहर उत्तर आणि दक्षिण अशा दोन भागांत वाटले गेले, अली महदी आणि ऐदीद या प्रतिस्पर्धी नेत्यांच्या माणसांमध्ये. दुष्काळात मदत घेऊन आलेल्या संस्थांना घरे भाड्याने घ्यावी लागली आणि घराबरोबर घरमालकाच्या कुळातले बंदूकधारी पहारेकरी आणि गाड्याही घ्याव्या लागल्या. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला इथे सशस्त्र पहारेकरी ठेवावे लागले, आणि तिच्या इतिहासात हे प्रथमच घडत होते. कोणत्या भागात कोणाकडे उतरायचे यावर बाहेरून आलेल्या माणसाचा जीव अवलंबून होता. त्या वेळच्या वार्ताहरांना हे सारे अराजकाने निपजलेले वाटले, पण याकूतच्या वाचकाला ते ओळखीचे वाटले असते. फरक मोठा होता तो असा की अब्बानाचे कूळ भांडण मिटवायला बांधलेले असे, तर भाड्याच्या पहारेकऱ्याला भाडे चालू राहण्यापुरतेच देणेघेणे असे. भाड्यावरून किंवा नोकऱ्यांवरून घरमालकाशी वाजले तर तोच पहारेकरी उलटण्याची भीती असे.

सोमाली व्यापारात जुन्या व्यवस्थेचा जो भाग आजही नीट चालतो तो गुरांच्या बाजारात दिसतो. बर्बेऱ्यातून हजच्या मोसमासाठी सौदी अरबस्तानला शेळ्या-मेंढ्या जातात. तिथे आणि हर्गेसाच्या बाजारात अनोळखी विक्रेत्याकडून अनोळखी ग्राहक सहसा थेट जनावर घेत नाही. दोघांच्या मधे दिलाल असतो. विक्रेता कोणत्या कुळाचा आणि जनावर कुठून आले हे तो जाणतो, भाव ठरवून देतो आणि आपली दलाली घेतो. जनावर चोरीचे निघाले तर ग्राहक आधी त्याच्याकडे येतो, आणि मूळ मालक कोण याचा छडा लावून पैसे किंवा जनावर परत मिळवून देणे हे त्याचे काम ठरते. परगावच्या व्यापाऱ्याला रात्रीपुरता मुक्काम हवा असेल तर त्याची सोयही पुष्कळदा तोच करून देतो.